ठेका चुकवून दाखवा

ऑक्टोबर २०१८. म्युनिकचं कामरश्पीले, महापालिकेच्या पैशावर चालणारं नामवंत नाट्यगृह. रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यात पायावर पाय टाकून बसलेला एक माणूस, शेजारी लॅपटॉप, बाजूला पडदा. माणूस बोलतो, हात उचलतो, मान वळवतो, पापण्या मिटतो. चेहरा टोमास मेले या जर्मन लेखकाचा. आवाज त्यांचा, शब्दही त्यांचेच. मेले मात्र तिथे नाहीत. खुर्चीत बसलंय ते यंत्र.

प्रयोगाचं नाव 'उनहाइमलिशेस टाल'. इंग्रजीत 'अनकॅनी व्हॅली'. दिग्दर्शक श्टेफान केगी, संस्था रिमिनी प्रोटोकोल. मेले यांच्या चेहऱ्याचा साचा काढला, त्यावरून सिलिकॉनची त्वचा तयार केली, आत मोटारी बसवल्या आणि तासाभराचं व्याख्यान त्या ओठांशी जुळवलं. समोरून पाहिलं तर क्षणभर फसायला होतं. डोक्याची मागची बाजू मात्र मुद्दाम उघडी ठेवली आहे. ते यंत्र जरा वळलं की तारा दिसतात. चेहऱ्यावर विश्वास बसायला लागला की मागच्या तारा तो मोडतात, आणि पुन्हा चेहरा समोर आला की आपण पुन्हा विश्वास ठेवायला लागतो. तासभर हेच चालतं.

नाव जपानी यंत्रतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांच्या १९७० सालच्या लेखावरून घेतलेलं. यंत्र माणसासारखं दिसत जाईल तसं ते आपल्याला आवडत जातं, पण साम्य फारच वाढलं आणि थोडंसंच उणं राहिलं की अंगावर काटा येतो, हे मोरींचं निरीक्षण. म्युनिकच्या प्रेक्षकांना केगींनी नेमकं त्या काट्यावर आणून बसवलं.

प्रयोग चांगला आहे, हे आधीच सांगतो. संहिता धारदार आहे, अॅलन ट्युरिंगपासून लेखकाच्या स्वतःच्या शरीरापर्यंत ती निर्भयपणे फिरते. पुढे तो देशोदेशी गेला, तेही योग्यच झालं. माझं भांडण आहे ते त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी. यंत्र रंगमंचावर बसलं, तासभर बोललं, लोकांनी ऐकलं, म्हणजे आता नटाची जागा यंत्र घेणार, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात नाटकाशी संबंध नसलेले आहेत आणि, वाईट वाटतं ते याचं, नाटकातलेही आहेत.

नट कोण? ज्याच्या हातून प्रयोग आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत बिघडू शकतो, तो नट. एवढी एक कसोटी मला पुरते. म्युनिकच्या खुर्चीतलं यंत्र तिच्यात बसत नाही. तारेत बिघाड झाला तर ते बंद पडेल. पण बंद पडणं वेगळं आणि चुकणं वेगळं. चुकायला आधी काहीतरी साधायचं असावं लागतं.

मग मेले यांनी यंत्राला का पाठवलं? कारण समजून घेतलं की हा प्रयोग गंमत राहत नाही.

मेले यांना बायपोलर आजार आहे. मन कधी आभाळाला भिडतं, कधी तळाला जातं, आणि मधल्या काळात माणसाच्या हातून मैत्री, पैसा, घर, सगळं निसटतं. या आजाराविषयी त्यांनी २०१६ मध्ये 'डी वेल्ट इम रुकेन' हे पुस्तक लिहिलं. ते जर्मन बुक प्राइझच्या अंतिम यादीत गेलं. असं पुस्तक गाजलं की लेखकाला गावोगाव वाचनाला बोलावतात. तेच दुखणं, तीच पानं, तेच प्रश्न. ज्याला उद्या आपलं मन कुठे असेल याची खात्री नाही, त्यानं रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ठरल्या चेहऱ्यानं बसायचं. यंत्राला हे जमतं. त्याला झटका येत नाही, त्याची रात्र जागून जात नाही. मेले यांनी स्वतःच्या जागी आपली प्रतिकृती बसवली ती या पार्श्वभूमीवर. एका आजारी माणसानं मागितलेली स्थिरता आहे ती. तिच्याकडे पाहून 'नटांची सुट्टी झाली' असं म्हणणाऱ्यानं प्रयोग पाहिलाच नाही.

याच पुस्तकाचं त्याआधी एक नाटकही झालं होतं. मार्च २०१७, व्हिएन्ना. बुर्गथिएटरच्या अकाडेमीथिएटरमध्ये दिग्दर्शक यान बोसं यांनी ते एका नटाच्या हाती दिलं. त्या नटाचं नाव योआखिम मायरहोफ. एकटा माणूस, जवळजवळ तीन तास, त्या आजाराच्या चढात आणि उतारात. २०१८ च्या मे महिन्यातल्या बर्लिनच्या थिएटरट्रेफेन महोत्सवासाठी ते निवडलं गेलं. जर्मन भाषेतल्या वर्षभराच्या नाटकांतून तिथे दहाच निवडतात. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात म्युनिकला सिलिकॉनचा मेले बसला.

म्हणजे लेखक एक, दुखणं एक, दोन वर्षांत दोन एकपात्री प्रयोग. एकात माणूस आहे, ज्याचा चेहरा मेलेंसारखा नाही. दुसऱ्यात चेहरा हुबेहूब आहे आणि माणूस नाही. मला या दोन्हींची गरज कळते. पण तीन तास त्या वेडाच्या कडेवरून चालताना मायरहोफचा पाय घसरू शकत होता, श्वास चुकू शकत होता, एखाद्या संध्याकाळी तो कमी पडू शकत होता. प्रेक्षक त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसतो. यंत्रासाठी आपण असे बसत नाही. यंत्राकडे आपण निरखून पाहतो, बस.

हा फरक जर्मनांना नवा नाही. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्याच एका लेखकानं तो सांगून ठेवला आहे.

ई. टी. ए. होफमान यांची 'डेअर झांडमान' ही कथा १८१६ ची. नाथानाएल हा तरुण एका प्राध्यापकाच्या मुलीच्या प्रेमात पडतो. ओलिम्पिया तिचं नाव. ती समारंभात पियानो वाजवते, गाते, नाचते. सगळं ठेक्यात. इतकं ठेक्यात की गावातल्या बाकीच्या तरुणांना ते खटकतं. नाथानाएलला मात्र ती फार समंजस वाटते, कारण तो कविता वाचत सुटला की ती मध्ये बोलत नाही, नुसते उसासे टाकते. शेवटी कळतं की ओलिम्पिया लाकडाची बाहुली आहे, आतल्या चाकांवर चालणारी.

नाथानाएलचं पुढे वाईट होतं, ते सर्वांना ठाऊक आहे. पण होफमान मध्येच थांबून गावाचं काय झालं ते सांगतात, आणि मला कथेतला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ही बातमी फुटल्यावर गावातले प्रियकर धास्तावले. आपली प्रेयसीही बाहुली नाही ना? मग ते तिला म्हणायला लागले की जरा ठेका चुकवून गा, थोडी बेताल नाच. मी वाचत असताना विणकाम कर, कुत्र्याशी खेळ. आणि नुसती ऐकू नकोस, मधून मधून असं काही बोल की त्यामागे तुझा विचार आहे, तुझं मन आहे, हे कळेल.

१८१६ साली, विजेचा दिवा घरोघरी लागण्याआधी, एका माणसानं यंत्र आणि कलावंत यांच्यातली सीमा एवढी स्पष्ट आखली. अचूकपणाची खात्री नको, तर जरा चुकवून दाखव. आजही एखाद्या यंत्राला नट म्हणायचं असेल तर मी त्याला हेच म्हणेन.

याच्या विरुद्ध बाजूचा मुद्दाही जर्मनच आहे आणि तो तगडा आहे. हाइनरिश फॉन क्लाइस्ट यांनी १८१० मध्ये 'बर्लिनर आबेंडब्लेटर' या आपल्या वृत्तपत्रात कळसूत्री बाहुल्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्यातला नर्तक म्हणतो की माणसापेक्षा बाहुली चांगली नाचते. कारण तिला आपण कसे दिसतो याची फिकीर नसते. माणसाला असते, आणि त्या फिकिरीनंच त्याच्या हालचालीत खोटेपणा शिरतो. टाळीकडे डोळा ठेवून मान झटकणारा नट ज्यानं पाहिला आहे त्याला क्लाइस्टचं म्हणणं पटल्याशिवाय राहणार नाही. मलाही पटतं.

पण त्याच निबंधात क्लाइस्ट सांगतात की बाहुली चांगली नाचवायची तर सूत्रधाराला तिच्या गुरुत्वमध्याशी एकरूप व्हावं लागतं, म्हणजे त्याला स्वतःला नाचावं लागतं. निबंधातला नर्तक पुढे जाऊन म्हणतो की हा माणूसही काढून टाकता येईल, त्याच्या जागी दांडा फिरवला तरी चालेल. इथे मी त्याची साथ सोडतो. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहुल्या नाचवतात. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ती बाहुलीला मिळालेली नाही. बाहुलीच्या दोऱ्या धरणाऱ्या हाताला मिळाली. दोरा गुंतला तर तो हात तिथल्या तिथे काहीतरी करतो आणि रामायण पुढे नेतो. त्या लाकडात जो जीव दिसतो तो तिथून येतो.

आपल्या नाटकाचा पायाच बाहुलीजवळ आहे. १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे बाहुल्याही बनवत होते. त्या लाकडी बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा हलत्याबोलत्या केल्या. निर्जीव वस्तू रंगमंचावर आली म्हणून मराठी माणसानं बिचकण्याचं काही कारण नाही. आमचा बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला आहे.

तेव्हा यंत्राला रंगमंचावर मज्जाव करा, असं मी म्हणत नाही. उलट म्हणतो, येऊ द्या. पण कसोटी लावा.

इतिहास झरझर सांगून टाकतो. रोबो जगाला प्रथम दिसला तो नाटकात. कारेल चापेक यांचं 'आर. यू. आर.' १९२१ मध्ये प्रागला झालं, १९२३ मध्ये बर्लिनला कुरफ्युर्स्टेनडाम थिएटरात फ्रीडरिश कीसलर यांच्या नेपथ्यात. त्यातले सगळे रोबो हाडामांसाचे नट. १९२२ मध्ये श्टुटगार्टला ऑस्कर श्लेमर यांनी 'ट्रायाडिक बॅले' आणला. तीन नर्तक, बारा नृत्यं, अठरा पोशाख, आणि पोशाख असे की माणसाचा गोळा, शंकू, चकती व्हावी. १९२७ मध्ये फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस'मध्ये धातूच्या कवचाआड ब्रिगिटे हेल्म होती. मग ड्युसेलडॉर्फचा संगीतगट क्राफ्टवेर्क. १९७८ मध्ये त्यांचं 'डी रोबोटर' आलं, आणि पुढे त्या गाण्याला कलाकार विंगेत जाऊन लाल शर्टातले पुतळे पुढे येऊ लागले. लोक त्या पुतळ्यांसाठी ओरडत. शंभर वर्षांचा हिशेब असा की आधी माणूस यंत्र झाला, मग यंत्राला माणसाची जागा मिळाली.

आता माझ्या आवडत्या रोबोकडे येतो. त्याचं नाव मायॉन.

बर्लिनचं कोमिश ऑपर, जून २०१५, प्रयोग 'माय स्क्वेअर लेडी'. करणारे तीन पक्ष होते. एक ऑपेरा हाऊस, त्याच्या गायक-वादकांसह. दुसरा गॉब स्क्वॉड हा ब्रिटिश-जर्मन नाट्यगट. तिसरा बर्लिनच्या बॉयथ तंत्रविद्यापीठातली मान्फ्रेड हिल्ड यांची प्रयोगशाळा. मायॉन सव्वा मीटर उंचीचा, सहा-सात वर्षांच्या मुलाएवढा. पांढरं अंग आणि एक डोळा. त्याच्या अंगाचे भाग सुटे करता येतात आणि सुटा झालेला भागही आपापलं काम करतो. गॉब स्क्वॉडनं प्रश्न मांडला की ऑपेरा म्हणजे भावनांचा उच्च दाब. त्या घरात या यंत्राला नेऊन सोडलं, सगळ्यांनी मिळून शिकवलं, तर ते काय शिकेल?

महत्त्वाची गोष्ट ही की मायॉनला रिमोट नव्हता. पडद्यामागे बसून कुणी त्याचे हात हलवत नव्हतं. तो जे शिकला असेल ते करणार, आणि करेलच याची हमी कुणीही देऊ शकत नव्हतं. समोर तिकीट काढलेले प्रेक्षक, खड्ड्यात वाद्यवृंद, शेजारी उभा गायक, आणि सव्वा मीटरचा हा गडी आता काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे. तो थांबला की गायकाला थांबावं लागणार. त्यानं नजर दुसरीकडे वळवली तर शेजारच्यानं ते सावरून घ्यायचं.

हे नाटक आहे. इथे यंत्रामुळे माणसं जास्त जागी झाली. मुरलेला गायक नवख्या सहकलाकाराबरोबर जसा सावध होतो, तसा संपूर्ण ऑपेरा सावध झाला. मेलेंचा पुतळा दिसायला माणूस आहे आणि वागायला ध्वनिफीत. मायॉन दिसायला खेळणं आहे, पण त्याच्याबरोबर काम करणाऱ्याला ऐकावं लागतं. नटाची निम्मी विद्या ऐकण्यात असते, हे ज्यानं एकदा तरी संवाद विसरलेल्या सहकलाकाराला सांभाळलं आहे त्याला विचारा.

'माय स्क्वेअर लेडी' हे नाव 'माय फेअर लेडी'वरून, आणि त्याच्यामागे शॉ यांचं 'पिग्मॅलियन'. ते नाटक जगात पहिल्यांदा उभं राहिलं तेही जर्मन भाषेत, १९१३ मध्ये व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात. आणि १९७५ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या हातून ते मराठीत 'ती फुलराणी' झालं. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याविषयी वर्तमानकाळात बोलतात.

मंजुळा आठवली की मायॉनचं उणंही कळतं. मंजुळेला शिकवतात आणि ती शिकते. पण नाटक शिकण्यात नाही. ज्या क्षणी ती शिकवणाऱ्यावर उलटते, स्वतःचा अपमान ओळखते, आपल्या मनातला सूड एकटीनं बोलून दाखवते, तिथे नाटक उभं राहतं. मायॉन शिकला, पण त्याला कुणाचा राग आला नाही. त्याला काही हवं नव्हतं. चूक त्याच्या हातून होऊ शकत होती, चुकीची भीती मात्र त्याला नव्हती. नट विंगेत उभा असताना हातपाय गार पडतात, तिसरी घंटा पोटात वाजते. ती भीती बाहेर येताना आवाज होऊन येते. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कारकिर्दीतला साडेबारा हजारावा प्रयोग केला. एवढे प्रयोग करणारा माणूस यंत्र होत नाही याचं कारण रोज समोर नवे लोक असतात, आणि ते हसतील की नाही हे त्यालाही पडदा उघडेपर्यंत माहीत नसतं.

साम्य म्हणजे अभिनय, हा समज तर आपण जर्मनांच्याच मदतीनं केव्हाच मोडला आहे.

बर्लिनचं ग्रिप्स थिएटर, फोल्कर लुडविग यांनी उभं केलेलं. १९८६ मध्ये मोहन आगाशे आणि थिएटर अॅकॅडमीच्या मंडळींनी ती चळवळ पुण्यात आणली. पहिलं नाटक 'छान छोटे वाईट्ट मोठे'. त्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. दाढीचे खुंट दिसणारा गडी रंगमंचावर येतो, सहा वर्षांचा असल्याचं सांगतो आणि समोरची खरोखर सहा वर्षांची पोरं ते तत्काळ मान्य करतात. सिलिकॉन लागत नाही. साचा काढावा लागत नाही. त्या माणसानं गुडघे कसे वाकवले, हट्ट करताना मान कशी झुकवली, एवढ्यावर सौदा होतो. पोरांना पक्कं माहीत असतं की हा काका आहे, आणि तरीही तो पडला की ती कळवळतात.

त्याआधी १९८० मध्ये थिएटर अॅकॅडमी 'घाशीराम कोतवाल' घेऊन युरोपात गेली होती, बर्लिनलाही. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झालेलं हे नाटक. त्यातली माणसांची भिंत आठवा. धोतर, उघडं अंग, शेंडी, ओळीनं उभे ब्राह्मण. तेच पडदा, तेच वाडा, तेच जमाव. पाठ फिरवली की भिंत, डुलायला लागले की कीर्तन. भिंत झालेला माणूसही श्वास घेत असतो, आणि खांद्याला खांदा लागलेल्या त्या ओळीत एक जण अर्धी मात्रा मागे राहिला की सगळ्या ओळीला ते अंगात कळतं. कुठल्याही कारखान्यात कितीही चांगलं कातडं बनवा, एक माणूस भिंत होतो तेव्हा जे घडतं ते त्यात भरता येणार नाही.

रिमिनी प्रोटोकोलशी माझा खरा वाद मात्र दुसऱ्या ठिकाणी आहे आणि तो प्रेमाचा वाद आहे. हेलगार्ड हाउग, श्टेफान केगी आणि डानियल वेट्झेल हे तिघं गीसेनच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकले. त्यांनी रंगमंचावर नटांऐवजी खरी माणसं आणली, आपापल्या आयुष्यातली जाणकार. २००५ मध्ये त्यांनी 'कॉल कटा' केलं. बर्लिनमधला प्रेक्षक हातात मोबाईल घेऊन एकटा रस्त्यानं चालायचा, आणि त्याच्या कानात कोलकात्याच्या कॉल सेंटरमधून एक भारतीय बोलायचा. डावीकडे वळा, पुढे चला, ही इमारत पाहा. हजारो मैलांवरून.

त्या वर्षांत आपली लाखो मुलं रात्रपाळीत परक्या उच्चारात, परकं नाव घेऊन, समोर ठेवलेला मजकूर वाचत होती. मजकुराबाहेर जायचं नाही, आवाज चढवायचा नाही. कंपनीला त्यांच्याकडून यंत्राचंच काम हवं होतं. 'कॉल कटा'नं त्याच फोनवर त्यांना बोलू दिलं, थट्टा करू दिली, अनोळखी जर्मनाशी जवळीक करू दिली. तेरा वर्षांनी त्याच संस्थेनं माणसाच्या जागी यंत्र बसवलं. मला विचाराल तर पहिला प्रयोग दुसऱ्यापेक्षा मोठा. यंत्रासारखं वागायला लावलेल्या माणसाला त्यातून सोडवणं हे नाटकाचं काम आहे, आणि ते अजून संपलेलं नाही. आज मजकूर वाचणाऱ्या त्या पोरांची जागा बोलक्या यंत्रांना देण्याची घाई चालली आहे, तेव्हा तर नाहीच नाही.

आता पैशाचं बोलू, कारण रोबोचा विषय निघाला की हिशेबनीस कान टवकारतात.

जर्मनीत शासकीय पैशावर चालणारी सुमारे १४० नाट्यगृहं आहेत. त्यांच्यात पगारी नटसंच असतो. हे आपल्याला स्वर्ग वाटतं. पण २०१८ साली, म्हणजे मेलेंचं यंत्र बसलं त्या वर्षी, तिथल्या नटाचा करारातला किमान पगार महिना २००० युरो होता, कर कापण्याआधी, आणि करार बहुधा वर्षावर्षानं वाढवायचा. पुढे संघटनांनी झगडून तो वाढवून घेतला. २०२४ च्या अखेरीस बर्लिननं पुढच्या वर्षीच्या सांस्कृतिक खर्चातून सुमारे १३ कोटी युरो कापले, तेव्हा सगळं नाट्यजगत निषेधासाठी रस्त्यावर उतरलं. अशा वेळी 'यंत्र स्वस्त पडेल' हे वाक्य कुणीतरी बोलणारच. ते खोटं आहे. मायॉन एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर प्रयोगशाळा आली, विद्यार्थी आले, नाट्यगट आला, आणि ऑपेराची आहेत ती माणसं होतीच. मेलेंच्या यंत्रालाही शिल्पकार लागले, केस रोवणारे लागले, हालचाल आखणारे लागले, दौऱ्यावर त्याला उचलून नेणारे, जोडणारे, दुरुस्त करणारे लागतात. यंत्र रंगमंचावर आलं की माणसं वाढतात. ज्याला माणसं कमी करायची आहेत त्यानं ती आधीच करायला घेतली आहेत आणि त्यासाठी त्याला रोबोची गरज पडलेली नाही.

आपल्याकडे पाहा. संगीत नाटक सोडलं तर खड्ड्यातला ऑर्गन आणि तबला गेला, त्याची जागा आधी टेपनं आणि मग लॅपटॉपवरच्या फायलीनं घेतली. वाजवणारा नटाचा श्वास पाहून थांबायचा. फाईल थांबत नाही. नटाला हशा मिळाला, तो दोन क्षण थांबला, तर संगीत पुढे निघून गेलेलं असतं, मग ध्वनिसंयोजकानं बोट बटणावर ठेवून ताटकळायचं. म्हणजे यंत्रानं माणसाची जागा घेतली ती अंधारात, कुणाचं लक्ष नसताना. सिलिकॉनच्या चेहऱ्यावर आपण परिसंवाद भरवतो. त्या तबलजीविषयी कुणी परिसंवाद भरवला नाही.

तक्रार पुरे झाली, मला एक मागणी करायची आहे.

२०१४ मध्ये पुण्यात बालेवाडीला आशिया-पॅसिफिक विभागाची रोबोकॉन स्पर्धा झाली. विषय होता पालकत्वाला सलाम. प्रत्येक संघाचे दोन रोबो, एक पालक आणि एक मूल. पालकानं मुलाला बागेत न्यायचं, सीसॉवर बसवायचं, झोका द्यायचा, शेवटी त्याला जाळीवर चढवायचं. सगळं पार पडलं की त्याला नाव होतं 'शाबास'. पालक रोबो माणूस चालवणार आणि मूल स्वतःचं स्वतः चालणार, असा नियम. इंजिनिअरिंगच्या पोरांनी नकळत एक प्रवेशच लिहिला होता. मोठ्याच्या हातात दोरी, लहान मोकळं, ते चढेल की पडेल हे कुणालाच ठाऊक नाही.

हीच पोरं, किंवा त्यांचे खोलीभाऊ, ऑगस्ट आला की 'पुरुषोत्तम'च्या तालमीला जातात. १९६३ पासून चालत आलेली आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा. कॉलेज एकच. वर्कशॉपमध्ये सोल्डरिंगचा धूर, आणि वरच्या मजल्यावर रात्री अकराला कुणीतरी सतराव्यांदा एंट्री घेतोय. या दोन टोळ्या एकमेकींशी बोलत नाहीत, आणि ते मला सहन होत नाही.

त्यांनी एकत्र बसावं. एक रोबो, तीन-चार नट, भरत नाट्य मंदिराचा रंगमंच. हिल्ड यांच्या मायॉनचा नियम तेवढा पाळावा. रिमोट नाही, विंगेतून चालवणारा नाही, आधी ध्वनिमुद्रित करून ओठांशी जुळवलेला संवाद नाही. रोबोनं समोरच्याचं ऐकून काय करायचं ते करावं. तो मध्येच अडला तर पडदा पाडायचा नाही. शेजारच्या नटानं ते निभावून न्यावं आणि परीक्षकांनी त्या निभावण्याला गुण द्यावेत. तालमीला तीन महिने तरी घ्यावेत, कारण रोबोला पाठांतर पटकन होईल, पण त्याच्याबरोबर उभं राहायला नटांना वेळ लागेल. मोटारीच्या आवाजात पहिल्या रांगेच्या पलीकडे संवाद पोचतो का, हे मात्र पहिल्याच दिवशी तपासून घ्या. भरतचा आवाज चांगला आहे, मागच्या रांगेतला माणूसही कुजबुज ऐकतो, आणि मोटारही.